महाविद्यालयांत होणारी लेखकांची विनामूल्य व्याख्याने बाहेरच्या वाचकांपर्यंत कशी पोहोचतील?

देवगडवाचक यांचा प्रश्न

नमस्कार. देवगड तालुक्यातील आम्ही काही वाचक दर महिन्याला एकाच्या घरी जमतो आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो. गटात निवृत्त शिक्षक आहेत, आंबा बागायतदार आहेत, बँकेत काम करणाऱ्या दोघी आहेत आणि बारावीनंतर ज्यांचे शिक्षण सुटले अशा काही मुलीही आहेत. हा प्रश्न मुख्यतः या मुलींसाठी विचारत आहे.

आमच्या सिंधुदुर्गात आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात महाविद्यालयांमध्ये लेखक येतात, त्यांची व्याख्याने, प्रकट मुलाखती, कथावाचन असे कार्यक्रम होतात. मात्र आम्हाला ते कळतात ते कार्यक्रम झाल्यानंतर, शाल-श्रीफळाच्या छायाचित्रासह वर्तमानपत्रात आलेल्या बातमीतून. ज्या लेखिकेचा कथासंग्रह आम्ही गटात वाचत होतो, त्याच लेखिका एसटीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका महाविद्यालयात येऊन गेल्या, आणि आम्ही बातमी वाचली तेव्हा त्या मुंबईला परतल्याही होत्या. महाविद्यालयात विचारणा केली तेव्हा, ‘कार्यक्रम विनामूल्यच होता, तुम्ही आला असता तरी चालले असते,’ असे उत्तर मिळाले. उत्तर सौजन्याचे होते, परंतु जे आम्हाला कळलेच नाही त्याला आम्ही येणार तरी कसे?

विंदा करंदीकर आमच्या देवगड तालुक्यातले आणि मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. वसंत बापटांसह या तिघांनी महाराष्ट्रभर काव्यवाचनाचे कार्यक्रम केले आणि कविता लोकांच्या कानांपर्यंत नेली. आमच्या गटातील ज्येष्ठांनी ते कार्यक्रम ऐकले आहेत. त्यांच्या बोलण्यातून मुलींना एवढे समजले आहे की कवीच्या तोंडून कविता ऐकणे हा वाचनाहून वेगळा अनुभव असतो, पण तो त्यांच्या वाट्याला अजून आलेला नाही.

अशा कार्यक्रमांना बाहेरच्या माणसाने जाणे रीतीला धरून आहे का, ओळखपत्र नसेल तर प्रवेशद्वारावर अडवतात का, कार्यक्रमाची माहिती आधी मिळण्याची काही व्यवस्था असते का, आणि नसल्यास ती व्हावी म्हणून आमच्यासारख्या नोंदणी नसलेल्या छोट्या गटाने काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वाङ्मयमंडळ यांचे उत्तर

ताई, रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवत असे आणि वाङ्मय मंडळाचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्यामुळे आतल्या बाजूने हे कार्यक्रम कसे घडतात ते सांगतो. ते समजले की कुठे आणि कधी बोलायचे, हेही आपोआप समजते.

महाविद्यालयात येणारा प्रत्येक लेखक एकाच निमित्ताने येत नाही. वाङ्मय मंडळाचे उद्घाटन पावसाळ्यात, बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि ते विद्यार्थ्यांपुरतेच योजलेले असते. वाचन प्रेरणा दिन 15 ऑक्टोबरला, मराठी भाषा संवर्धन पंधरवडा 14 ते 28 जानेवारीला आणि मराठी भाषा गौरव दिन 27 फेब्रुवारीला असतो. या दिवसांत कार्यक्रमांची गर्दी होते. चर्चासत्रांना नोंदणी शुल्क असते, तरी बीजभाषण ऐकू द्यावे अशी विनंती समन्वयकांना केल्यास सहसा नकार मिळत नाही. तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या आहेत त्या स्मृतिव्याख्यानमाला. एखाद्या कुटुंबाने आईवडिलांच्या किंवा गुरुजनांच्या नावे देणगी ठेवलेली असते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी व्याख्यान होते. गावाने ते ऐकावे, हीच बहुतेक देणगीदारांची इच्छा असते. आपल्या परिसरातील कोणत्या महाविद्यालयात अशी व्याख्यानमाला आहे याची चौकशी प्रथम करा, कारण तेथे तुम्ही उपस्थित राहणे म्हणजे देणगीचा हेतू सफल होणे आहे.

जाणे रीतीला धरून आहे का, हा तुमचा संकोच मी समजू शकतो, परंतु विद्यापीठाने वर्गाबाहेरच्या माणसाशी बोलावे ही कल्पना मुळीच नवी नाही. केंब्रिज विद्यापीठाने 1873 मध्ये गावोगावी विस्तार व्याख्याने सुरू केली. आपल्याकडे 1875 मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती विद्यापीठाची नव्हती, परंतु विद्वानाने सामान्य श्रोत्यांसमोर उभे राहून बोलावे हा संस्कार तिने महाराष्ट्राला दिला. पुढे मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाने व्याख्याने वर्गाबाहेर नेली, आणि ‘बहिःशाल’ची व्याख्याने ऐकून घडलेली माणसे आजही भेटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1977 मध्ये अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीने विस्तारकार्य हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग म्हणून मान्य केले. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमातही आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. तेव्हा सभागृहात मागच्या रांगेत बसून व्याख्यान ऐकणारा गावातील वाचक हा तेथे उपकाराने आलेला नसतो. त्याच्यासाठीही ते सभागृह आहे.

मग बातमी बाहेर का येत नाही? यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. प्राध्यापकावर कार्यक्रम घडवण्याची जबाबदारी असते आणि कार्यक्रमानंतर अहवाल, छायाचित्रे, उपस्थितीच्या सह्या व वर्तमानपत्रातील कात्रण जमा करण्याचीही असते, कारण महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनात विस्तारकार्याचाही विचार होतो. झालेल्या कार्यक्रमाचा पुरावा मागितला जातो. होणाऱ्या कार्यक्रमाची वर्दी गावाला दिली का, हे मात्र कोणी विचारत नाही. त्यामुळे सारी शक्ती नंतरच्या बातमीवर खर्च होते. शिवाय वेळही सकाळी अकराची ठेवावी लागते, कारण विद्यार्थी एसटीच्या पासावर येतात आणि दुपारची गाडी चुकली तर त्यांना संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीपर्यंत थांबावे लागते. अकरा वाजता नोकरी करणारा वाचक येऊ शकत नाही, ही त्यातील खरी अडचण आहे आणि ती केवळ सूचना देऊन सुटणारी नाही.

तुम्ही एक करावे. जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी, म्हणजे वार्षिक नियोजन चालू असताना, प्राचार्यांना एक पानाचे पत्र द्यावे आणि त्याची प्रत मराठी विभागप्रमुखांना व ग्रंथपालांना द्यावी. गटात साधारण किती वाचक आहेत, कोणती पुस्तके वाचून झाली आहेत, हे त्यात लिहावे, आणि लेखकांच्या कार्यक्रमाची सूचना आठवडाभर आधी गटाच्या एका सदस्याला मिळावी, एवढीच मागणी करावी. पत्रकावर ‘प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला, ओळखपत्राची आवश्यकता नाही’ एवढी ओळ छापण्याची विनंतीही करावी. ती ओळ वाचून प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकही निश्चिंत होतो, कारण पुष्कळदा तो अडवतो ते त्याला कोणी काही सांगितलेले नसते म्हणून. रक्षकाजवळच्या वहीत नाव नोंदवण्याची तयारी मात्र ठेवावी.

एक सावधगिरी सांगतो. 27 फेब्रुवारीच्या कार्यक्रमावर फार विसंबू नका. त्या सुमारास बारावीची बोर्डाची परीक्षा चालू असते, कनिष्ठ महाविद्यालयाची इमारत परीक्षा केंद्र असते आणि अशा वेळी बाहेरच्यांना आवारात घेता येत नाही. दिवाळीच्या सुटीनंतर जानेवारीअखेरपर्यंतचा काळ आपल्याकडे सर्वांत सोयीचा असतो.

तेरेखोलकाठ यांचे उत्तर

आम्ही बांद्याच्या बाजूचे, म्हणजे गोव्याच्या वेशीवरचे. म्हणून तिकडचे एक उदाहरण सांगतो, कारण ‘खुले’ हा शब्द प्रत्यक्षात कसा राबवता येतो हे त्यात दिसते.

ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाने राज्य सरकारच्या साहाय्याने अभ्यागत प्राध्यापकांची काही अध्यासने, म्हणजे थोरांच्या नावे ठेवलेली प्राध्यापकपदे, निर्माण केली आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावाचे आंतरविद्याशाखीय अभ्यासाचे अध्यासन आहे, कविवर्य बाकीबाब बोरकरांच्या नावाचे तौलनिक साहित्याचे आहे, तर मारिओ मिरांडा यांच्या नावाचे चित्रकला व व्यंगचित्रकलेचे आहे. बाहेरून आलेले लेखक, विद्वान आणि कलावंत तेथे थोड्या मुदतीसाठी शिकवतात, आणि नावनोंदणी करून विद्यापीठाबाहेरच्या माणसालाही विनामूल्य बसता येते. गृहिणी, सेवानिवृत्त अधिकारी, चित्रकार असे लोक विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून टिपणे घेतात. पणजीच्या कला अकादमीत 2008 पासून भरणारा कोसंबी विचार महोत्सव हा विद्यापीठाचा नव्हे, गोव्याच्या कला व संस्कृती संचालनालयाचा उपक्रम आहे. तोही विनामूल्य असतो आणि तेथे कोणी कोणाचे ओळखपत्र विचारत नाही.

यातील बरीच व्याख्याने इंग्रजीतून होतात, हे मुलींना आधी सांगावे. देवगडहून एका दिवसात जाऊन येणेही सोपे नाही. तरीही मला मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, बाहेरचा श्रोता येणार हे तेथे आधीपासून गृहीत धरलेले असते. नोंदणीची सोय त्याच्यासाठी केलेली असते आणि सूचना त्याला उद्देशून लिहिलेली असते. आपल्या महाविद्यालयांना यासाठी अध्यासने नकोत किंवा मोठा निधीही नको. सूचना कोणाला उद्देशून लिहायची, एवढेच ठरवायचे आहे.

ग्रंथपालचिपळूण यांचे उत्तर

वाङ्मयमंडळ सरांनी लिहिलेले सर्व मान्य करूनही मला वेगळे मत मांडायचे आहे. वाचकांनी महाविद्यालयाच्या दारात उभे राहून सूचनेची वाट पाहावी, हे कोकणात तरी मला पटत नाही, कारण आपल्याकडे विद्यापीठाच्याही आधीपासून वाचनालये आहेत. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे आहे आणि सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर 1852 चे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चे आहे, आणि जानेवारी 2013 मध्ये चिपळूणला भरलेल्या 86 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद याच वाचनालयाकडे होते. वाचनालय एवढा मोठा भार उचलू शकते, तर एका लेखिकेची संध्याकाळ निश्चितच घडवू शकते.

परंतु वाचनालयाचीही एक उणीव आहे आणि ती मी रोज पाहतो. आमच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांना येणारे श्रोते प्रेमळ आहेत, जाणकार आहेत, आणि जवळजवळ सर्व साठीच्या पुढचे आहेत. महाविद्यालयाकडे तरुण श्रोते आहेत, पण ते वर्गाच्या हजेरीने आणून बसवलेले असतात आणि त्यांतील अनेकांनी त्या लेखकाचे एकही पान वाचलेले नसते. एकीकडे वाचून आलेले श्रोते आहेत, दुसरीकडे ज्यांचे वाचनाचे वय आहे असे श्रोते आहेत, आणि दोघांची गाठ पडत नाही.

म्हणून आम्ही काही वेळा केलेली व्यवस्था सांगतो. मुंबईहून येणारा लेखक बहुधा रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेसने निघून पहाटे-सकाळी उतरतो आणि त्याच रात्रीच्या गाडीने परततो. महाविद्यालयातील कार्यक्रम दुपारी एकपर्यंत आटोपतो. त्यानंतर तो दिवसभर पाहुणचार घेत थांबलेला असतो. प्रवासखर्च महाविद्यालयाने केलेलाच असतो, तेव्हा वाचनालयाने संध्याकाळचे स्वतंत्र मानधन द्यावे आणि साडेपाच वाजता आपल्या सभागृहात दुसरा कार्यक्रम ठेवावा. हा दुसरा कार्यक्रम भाषणाचा नसावा. सकाळी भाषण झालेले असते. संध्याकाळी लेखकाने कथा किंवा कविता वाचावी आणि वाचकांनी प्रश्न विचारावेत. शेवटच्या गाडीची वेळ पाहून सांगता करावी आणि ती वेळ पत्रकावर छापावी. महाविद्यालयातील ज्या मुलांना सकाळी ऐकून गोडी वाटली, ती गावातच राहणारी असतील तर संध्याकाळी पुन्हा येतात, आणि ही मुले कोणाच्या सक्तीने आलेली नसतात.

देवगडवाचक ताई, तुमच्या गटाची नोंदणी नसली तरी तुमच्या जवळचे शासनमान्य वाचनालय, मग ते ‘क’ वर्गाचे असो की ‘ड’ वर्गाचे, निमंत्रक होऊ शकते. पत्र त्यांच्या नावे द्या, कामाला हात तुमचे लावा.

कथालेखिका यांचे उत्तर

वरील चर्चा वाचून राहवले नाही, कारण या सभागृहांत व्यासपीठावर बसण्याचे प्रसंग मला आले आहेत आणि तेथून जे दिसते ते कोणी मांडलेले नाही.

कार्यक्रम श्रोत्यांसाठी विनामूल्य असावा, याविषयी माझे दुमत नाही. पण तो लेखकासाठीही विनामूल्य धरला जातो, हे मात्र बदलले पाहिजे. मानधन किती, हे निमंत्रणाच्या पत्रातच लिहावे. रक्कम लहान असली तरी चालते. ती आधी सांगितलेली असली की लेखकाला विचारण्याचा संकोच पडत नाही. जे खरोखरच देऊ शकत नाहीत त्यांनीही तसे स्पष्ट लिहावे. मी आणि माझ्या ओळखीतील अनेक जण तरीही गेलो आहोत आणि जाऊ.

दुसरी गोष्ट वेळेची. दीड तासाच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत आणि अध्यक्षीय भाषण झाल्यावर लेखकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास उरतो, आणि त्यातही ‘साहित्य आणि समाज’ अशा अफाट विषयावर बोलायला सांगतात. मला असे वाटते की कथाकाराला कथा वाचू द्यावी. कथेतील बोली, थांबे, एखादे वाक्य हळू आवाजात का लिहिले असेल, हे सारे वाचनातून ऐकू येते. ते भाषणातून सांगता येत नाही. मालवणी बोलीत संवाद असलेली कथा सिंधुदुर्गातील मुलांसमोर वाचताना, आपल्या आजीचे बोलणे पुस्तकात असू शकते, हा आश्चर्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला आहे, आणि त्यानंतर आलेले प्रश्न हे मला कोणत्याही पुरस्कारापेक्षा अधिक काही देऊन गेले.

तिसरी गोष्ट, श्रोत्यांनी एक तरी कथा आधी वाचलेली असावी. देवगडवाचक ताईंचा गट या बाबतीत महाविद्यालयाला मोठी मदत करू शकतो. वाचून आलेले थोडे श्रोते सभागृहात असतील, तर पहिला प्रश्न कोण विचारणार ही कोंडी फुटते आणि पाठोपाठ विद्यार्थीही बोलू लागतात. पुस्तकविक्रीचे एक टेबल दाराजवळ असावे, एवढे मात्र आवर्जून सांगते. छोट्या गावात ते पुस्तक दुकानात मिळतच नाही.

देवगडवाचक

सर्वांचे मनापासून आभार. गटाशी बोलून असे ठरवले आहे की येथील वाचनालयाच्या नावे दोन महाविद्यालयांना पत्र द्यायचे आणि त्यात सकाळी महाविद्यालय व संध्याकाळी वाचनालय अशी योजना मांडायची. लेखकांच्या दुपारच्या जेवणाची आणि विश्रांतीची जबाबदारी गटातील एका बागायतदार कुटुंबाने आनंदाने स्वीकारली आहे. डिसेंबर-जानेवारीत मोहोरावरच्या फवारणीचे दिवस असतात, पण संध्याकाळी साडेपाचला बागायतदारही मोकळे होतात, तेव्हा ही वेळ सर्वांना मानवेल.

दोन शंका उरल्या आहेत. ज्या मुली संध्याकाळी घराबाहेर थांबू शकत नाहीत त्यांच्यासाठी कार्यक्रमाचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून गटात पाठवले तर चालेल का? आणि लेखिका येण्याआधी त्यांच्या कथेतील काही भाग आम्ही वाचनालयात मोठ्याने वाचला, तर त्यांची परवानगी लागेल का?

कथालेखिका

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 प्रमाणे, प्रकाशित साहित्यकृतीतील वाजवी उतारा जाहीरपणे वाचण्यास मुभा आहे. अवश्य वाचा. मात्र संपूर्ण कथासंग्रहाच्या छायाप्रती काढून वाटू नका.

ध्वनिमुद्रणाचे तसे नाही. त्याच कायद्यात व्याख्यान देणाऱ्या व्यक्तीचाही ‘सादरकर्ता’ म्हणून समावेश आहे, आणि सादरकर्त्याच्या संमतीशिवाय मुद्रण करणे हा त्याच्या हक्काचा भंग ठरू शकतो. जाहीर भाषणावरचा पहिला हक्कही बोलणाऱ्याचाच असतो, आयोजकांचा नव्हे. म्हणून निमंत्रणाच्या पत्रातच विचारून ठेवा की मुद्रण करायचे आहे, ते फक्त वाचकगटातील सदस्यांसाठी आहे आणि यूट्यूबवर किंवा इतरत्र टाकले जाणार नाही. लेखकाने लिखित होकार दिला की प्रश्न मिटतो. एखादी अप्रकाशित कथा वाचायची असेल, तर तेवढा भाग वगळण्यास लेखक सांगेल. तो मान्य करावा.

ज्या मुलींना संध्याकाळी थांबता येत नाही, त्यांना शक्य असल्यास सकाळच्या कार्यक्रमालाच घेऊन जा. शिक्षण सुटलेल्या मुलीने पुन्हा एकदा महाविद्यालयाच्या सभागृहात बसणे हे ध्वनिमुद्रण ऐकण्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

वाङ्मयमंडळ

याला जोडून एवढेच सांगतो की, प्राचार्यांना द्यायच्या पत्रात या मुलींचा उल्लेख स्वतंत्र परिच्छेदात करा. मुक्त विद्यापीठातून किंवा बाहेरून परीक्षा देऊन त्यांना शिक्षण पुढे चालू ठेवता येईल का, याची चौकशीही त्याच भेटीत करता येईल. महाविद्यालयातील आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे प्राध्यापक नेमके अशाच कामासाठी असतात. पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यापूर्वी पोहोचेल असे पाहा आणि ते टपालाने न पाठवता दोघी-तिघींनी समक्ष जाऊन द्या.